थेंबाचे भिंग आणि दुपारचे पाणी

बागकामाच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि शाळेच्या परसबागेसाठी निघणाऱ्या माहितीपत्रकांत एक सल्ला हमखास असतो : भर उन्हात झाडांना पाणी घालू नये, कारण पानांवरचे थेंब भिंगासारखे काम करतात आणि पाने जळतात. या एका वाक्यात सूचना आहे आणि तिचे कारणही आहे. भिंगाने कागद जाळण्याचा प्रयोग मुलांनी केलेला असतो, त्यामुळे हे कारण चटकन पटते आणि आपणही ते वर्गात सांगून मोकळे होतो. सूचनेबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती कारणाबद्दल.

श्रावणात एक सर येऊन जाते आणि लगेच लख्ख ऊन पडते. पाने थेंबांनी भरलेली असतात. हे कारण खरे असते, तर महिनाभरात गावातल्या सगळ्या झाडांवर भाजल्याचे डाग दिसायला हवे होते.

हंगेरीतील काही संशोधकांनी हा प्रश्न रीतसर तपासला. त्यांचा निबंध २०१० साली ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात आला. मेपलच्या पानांवर काचेच्या लहान गोळ्या ठेवून ती उन्हात ठेवली, तेव्हा पाने भाजली. गोळ्यांऐवजी पाण्याचे थेंब ठेवले, तेव्हा भाजली नाहीत. यामागचे प्रकाशशास्त्र दहावीच्या मुलांना समजेल इतके सोपे आहे. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, पाण्याचा १.३३. त्यामुळे काचेच्या गोळीची नाभी तिच्या पृष्ठभागापासून निम्म्या त्रिज्येवर येते, तर पाण्याचा थेंब पूर्ण गोल आहे असे धरले तरी त्याची नाभी एका त्रिज्येइतकी दूर जाते. प्रत्यक्षात गुळगुळीत पानावर थेंब पसरून चपटा होतो आणि नाभी पानाच्या बरीच खाली जाते. शिवाय पाणी पानाला थंड करते आणि स्वतः उडूनही जाते.

अपवाद मात्र आहे, आणि तो त्याच निबंधात आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या साल्व्हिनिया या नेच्याच्या पानांवर मेणचट केस असतात. ते थेंबाला पानापासून वर उचलून धरतात. तिथे नाभी पानावर पडू शकते आणि डाग पडलेले दिसले. म्हणजे लवदार पानांच्या बाबतीत शंकेला थोडी जागा उरते.

मग ‘दुपारी पाणी घातले आणि रोप भाजले’ असे सांगणारे सगळे खोटे बोलतात का? नाही. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतले पहिले पाणी हातावर घेऊन पाहावे. ते चांगलेच कढत असते. बोअरचे खारे पाणी पानांवर वाळले की क्षार मागे राहतात आणि पाने करपतात. काही रोपे तर पाणी घालण्याआधीच तहानेने करपलेली असतात, फक्त ते संध्याकाळी लक्षात येते. निरीक्षण खरे असते. आरोप तेवढा चुकीच्या आरोपीवर जातो.

सकाळी पाणी घालण्याची खरी कारणे साधी आहेत. तेव्हा बाष्पीभवन कमी होते. पाने दिवसभरात सुकतात, त्यामुळे रात्रभर ओली राहून बुरशीला आमंत्रण देत नाहीत. कारण महत्त्वाचे अशासाठी, की सूचना कुठे मोडायची हे त्यावरून ठरते. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता वांग्याचे रोप मान टाकते. भिंगाची गोष्ट ऐकलेला मुलगा पाच वाजेपर्यंत थांबतो, आणि तोवर कोवळे रोप हातचे गेलेले असू शकते. बाष्पीभवनाचे कारण समजलेला मुलगा बोटभर माती उकरून पाहील. आत ओल असली तर रोप संध्याकाळी आपोआप सावरते, कारण त्या वेळी मुळांना पानांच्या खर्चाइतके पाणी पुरवता येत नाही, एवढेच. माती कोरडी असली तर त्याने लगेच बुंध्याशी पाणी घालावे, नळीतले गरम पाणी आधी सोडून देऊन.

अंड्याच्या टरफलांचा सल्लाही असाच आहे, पण तिथे कारण बरोबर आणि गाव चुकीचे. टरफलात कॅल्शियम कार्बोनेट असते, हे खरे. पण दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे आधीच असतात आणि ती बहुधा अल्कधर्मी असते. तिला आणखी चुना कशाला? कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत बारीक पूड कदाचित थोडी उपयोगी पडेल. अख्खी टरफले मात्र दोन्हीकडे नुसती पडून राहतात.

थेंबाची परीक्षा वर्गाला एका दुपारी घेता येईल. जास्वंदीच्या एकाच फांदीवरची चार सारखी, आडवी पाने निवडा. दोन पानांवर ड्रॉपरने थेंब ठेवा, एका पानावर स्वच्छ, बिनरंगी काचेची छोटी गोटी, आणि चौथे कोरडे सोडा. गोटी घरंगळू नये म्हणून पानाखाली पुठ्ठ्याचा तुकडा धरावा लागेल, तसाच तो चारही पानांखाली धरा. तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी डाग मोजा. गोटीजवळ वाळके गवत किंवा कागद ठेवू नका. नंतर हेच वांग्याच्या लवदार पानावर करून पाहा. त्याचे उत्तर आधी सांगून टाकू नका.