श्वानाचे नाक, हस्तकाचे मन

घरफोडीची किंवा खुनाची बातमी मराठी वृत्तपत्रात वाचताना काही वाक्ये आपल्याला जवळजवळ पाठ झालेली असतात. घटनास्थळी श्वानपथकास पाचारण करण्यात आले. श्वानाने हमरस्त्यापर्यंत माग दाखवला व तेथेच ते घुटमळले. तेथून चोरटे वाहनातून पसार झाले असावेत. यांतले पहिले विधान घटना सांगते, दुसरे निरीक्षण सांगते आणि तिसरे अनुमान आहे. पण बातमीत ही तिन्ही एकाच सुरात येतात आणि वाचकाला वाटते की, वाहनाची माहिती श्वानानेच दिली.

श्वान घुटमळण्याची कारणे अनेक असू शकतात. रहदारीने गंध विस्कटला असेल, बघ्यांच्या पावलांनी तो झाकला गेला असेल, दुसऱ्या एखाद्या वासाने श्वानाचे लक्ष वेधले असेल किंवा मुळात माग चुकीचाच असेल. चोर वाहनात बसला, ही या अनेक शक्यतांपैकी केवळ एक. ‘माग दाखवला’ या शब्दांतही निरीक्षण आणि अर्थ यांची सरमिसळ आहे. श्वान एका दिशेने चालत गेले, एवढेच डोळ्यांना दिसले; तो चोराचा माग होता, हे माणसाने म्हटले. आम्हाला येथे पोलिसांच्या श्वानपथकावर टीका करायची नाही. श्वानाचे काम ज्या रीतीने सांगितले, शिकवले आणि मानले जाते, तिच्यावर करायची आहे.

श्वानांवरील लोकप्रिय लेख बहुधा नाकाच्या आकडेवारीपासून सुरू होतात. माणसाच्या नाकात गंधग्राही पेशी काही दशलक्ष, तर श्वानाच्या नाकात वीस कोटींच्याही पुढे. हे खरेच आहे. पण पोलीस श्वान म्हणजे नुसते चालते-फिरते नाक नव्हे. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो. पोलीस खात्यात त्याला हस्तक म्हणतात. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे आणि महाराष्ट्र पोलिसांचे श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यात आहे. अशा केंद्रांत श्वान आणि हस्तक कित्येक महिने एकत्र शिकतात. म्हणजे शिकणारे दोन आणि तयार होणारे ‘उपकरण’ही या दोघांचे मिळून. या उपकरणाचा अर्धा भाग आपण विसरतो.

शिक्षणाचे तत्त्व पाहू. श्वानाला स्फोटकांशी काही देणेघेणे नसते. त्याला हवा असतो चेंडू, खाऊ किंवा हस्तकाची शाबासकी. ठराविक वास सापडल्यावर ठराविक खूण केली की बक्षीस मिळते, असा संबंध पुन्हा पुन्हा जोडून दिला जातो. स्फोटके शोधणारा श्वान खूण म्हणून शांतपणे बसतो. त्याने पंजाने उकरले तर अनर्थ ओढवेल. वर्गात हा विषय निघाला की, पावलॉव्हचे नाव घेऊन आपण पुढे जातो. ते पुरेसे नाही. पावलॉव्हच्या श्वानाला लाळ आपोआप सुटत असे. येथे श्वान स्वतः एक कृती करतो आणि त्या कृतीला फळ मिळते. हा थॉर्नडाइक आणि स्किनर यांनी अभ्यासलेला शिकण्याचा प्रकार. हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. कृतीला फळ मिळत असेल, तर ते फळ कशाकशाने मिळते याचा शोध प्राणी घेत राहतो. प्रत्येक सरावात नमुना कोठे लपवला आहे हे हस्तकाला ठाऊक असेल आणि त्या जागेजवळ त्याची पावले नकळत मंदावत असतील, तर श्वानापुढे बक्षिसाकडे नेणाऱ्या दोन वाटा असतात: एक वासाची, दुसरी हस्तकाच्या पावलांची. दुसरी वाट अनेकदा सोपी असते. माणसाने बोट दाखवले की श्वान त्या दिशेने जातो, हे १९९८ पासून अनेक प्रयोगांत पद्धतशीर तपासले गेले आहे. माणसाची देहबोली वाचण्यात तो तरबेज आहे. त्याचा हाच गुण येथे अडचणीचा ठरतो.

या अडचणीची जुनी गोष्ट बर्लिनमध्ये घडली, आणि ती घोड्याची आहे. विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा ‘हान्स’ नावाचा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देई. १९०४ मध्ये एका समितीने तपासणी केली व लबाडी आढळत नाही, असा निर्वाळा दिला. लबाडी नव्हतीच. पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी एक साधी युक्ती केली: प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली. घोड्याची विद्वत्ता तत्क्षणी संपली. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके अगदी किंचित हलत असे आणि हान्स तेवढे पाहून थांबत असे. फुंग्स्ट यांचा अहवाल १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हे रहस्य कळल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःची ती हालचाल रोखणे जमेना. ‘आमचा हस्तक प्रामाणिक आहे, तो खूण करणार नाही,’ या युक्तिवादाला एवढे उत्तर पुरे आहे. प्रश्न प्रामाणिकपणाचा नाहीच.

पोलीस श्वानांच्या बाबतीत हीच शंका तपासणारा एक शोधनिबंध २०११ मध्ये ‘अॅनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील लिसा लिट व सहकाऱ्यांनी १८ श्वान-हस्तक जोड्या घेतल्या. एका चर्चच्या चार खोल्या प्रत्येक जोडीने दोनदा शोधायच्या होत्या. खोल्यांत शोधायचा वास असू शकतो आणि काही खोल्यांत लाल कागद वासाची जागा दाखवतो, असे हस्तकांना सांगितले होते. वस्तुस्थिती अशी की, अमली पदार्थ किंवा स्फोटके कोठेच ठेवलेली नव्हती. काही ठिकाणी श्वानांना भुलवण्यासाठी खाऊ व चेंडू मात्र लपवले होते. एकूण १४४ शोधांपैकी केवळ २१ शोध ‘काही नाही’ असे आले; उरलेल्या १२३ शोधांत एक तरी खोटा इशारा नोंदवला गेला. श्वानाला भुलवणाऱ्या खाऊपेक्षा हस्तकाला भुलवणाऱ्या लाल कागदाचा परिणाम अधिक दिसला.

या निबंधाच्या आधारे ‘पोलीस श्वान पंच्याऐंशी टक्के वेळा चुकतात’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. येथेही आम्हाला हरकत घ्यावीशी वाटते. एकाही खोलीत खरा वास नव्हता; त्यामुळे असलेली वस्तू श्वान किती वेळा शोधतो, यावर हा प्रयोग काहीच सांगू शकत नाही. जोड्या १८ आणि जागा एकच. शिवाय इशारा मिळाल्याचे हस्तक सांगत होता. हस्तकाच्या नकळत खुणेने श्वान खरोखर बसला, की श्वानाने काही केले नसताना हस्तकाला इशारा ‘दिसला’, हे या मांडणीतून वेगळे करता येत नाही. तेव्हा निबंध सिद्ध करतो ते एवढेच: हस्तकाच्या मनात अपेक्षा पेरली की, जोडीचे उत्तर तिकडे झुकते. पण एवढेही थोडे नाही.

दुसरी बाजूही पाहायला हवी. पोलंडमध्ये पूर्ण प्रशिक्षित १६४ श्वानांच्या १,२१९ चाचण्या घेतल्या गेल्या; त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. लपवलेले अमली पदार्थ ८७.७ टक्के चाचण्यांत सापडले आणि खोटे इशारे ५.३ टक्के होते. मोटारींच्या तपासणीत मात्र अचूकता बरीच खाली आली. म्हणजे श्वानाची घ्राणशक्ती खरी, उपयुक्तही. पण तिला परिस्थितीनुसार बदलणारा चुकीचा पल्ला आहे, जसा तो तराजूला किंवा तापमापीला असतो.

आता थोडे गणित करू. आकडे कल्पित आहेत. हजार पिशव्यांपैकी दोन पिशव्यांत स्फोटके आहेत. श्वान दोन्ही शोधतो. पण निर्दोष पिशव्यांपैकी पाच टक्क्यांपुढेही बसतो. ९९८ चे पाच टक्के म्हणजे सुमारे ५०. एकूण ५२ इशारे, त्यांतले खरे दोन. तरीही श्वान अत्यंत उपयोगी ठरला, कारण हजार पिशव्या उघडण्याऐवजी ५२ उघडून काम भागले. आता पिशव्यांच्या जागी माणसे ठेवा आणि ‘उघडणे’ याच्या जागी ‘आरोपी ठरवणे’ ठेवा. गणित तेच, पण पन्नास निरपराध माणसे तुरुंगात.

आमच्या मते सगळा फरक येथे आहे. मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ या लॅब्राडॉरने १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात जी स्फोटके शोधली, त्यांचा पडताळा तिथल्या तिथे मिळाला: इशारा झाला, जागा तपासली, आरडीएक्स हाती आले. श्वानाचे उत्तर वस्तूने तपासले. पण श्वान रांगेतल्या एका माणसापुढे थांबले, तर पडताळा कशाचा? तेथे श्वानाचे थांबणे आणि हस्तकाने त्याचा लावलेला अर्थ, याखेरीज हाती काहीच नसते. आणि हस्तकाला संशयित कोण हे आधीच ठाऊक असेल, तर ते थांबणे म्हणजे तपास अधिकाऱ्याच्या संशयाचा प्रतिध्वनी असू शकतो.

हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ब्रेव्हार्ड परगण्यात एका हस्तकाने आपला श्वान फार जुना मागही काढू शकतो, असे न्यायालयांना सांगितले होते. १९८४ मध्ये एका न्यायाधीशाने श्वानाची प्रत्यक्ष चाचणी घेतली आणि काही दिवसांचा मागही त्याला काढता आला नाही. पण तोपर्यंत या पुराव्याचा आधार घेऊन माणसे दोषी ठरली होती. खुनाच्या आरोपाखाली १९८१ मध्ये शिक्षा झालेला एक जण डीएनए चाचणीनंतर २००८ मध्ये सुटला. त्याची २७ वर्षे गेली. जी चाचणी १९८४ मध्ये घेतली, ती पहिल्या साक्षीच्या आधी घ्यायला हवी होती, एवढी साधी गोष्ट.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, अब्दुल रझाक दफेदार प्रकरणात, १९६९ मध्ये या पुराव्याला फारसे वजन देता येत नाही, असे म्हटले. श्वानाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेता येत नाही, हा त्यातला प्रसिद्ध आक्षेप. २००१ मध्ये आंध्र प्रदेशातील एका खटल्यात न्यायालयाने हाच सूर लावला: तपासाला श्वानाची मदत जरूर घ्यावी, पण निकालाचा भार त्याच्यावर टाकू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘अल्डो’ नावाच्या श्वानाच्या प्रकरणात वेगळा मुद्दा मांडला. रस्त्यावरच्या कामगिरीच्या नोंदींपेक्षा नियंत्रित चाचण्या हा अधिक चांगला निकष आहे, कारण श्वानाने जी वस्तू हुकवली तिची रस्त्यावर नोंदच होत नाही. हे तर्कशुद्ध आहे. हस्तक नकळत खूण करू शकतो, हेही त्या न्यायालयाने मान्य केले. पण नमुना कोठे आहे हे चाचणीच्या वेळी हस्तकाला आणि शेजारी उभ्या परीक्षकालाही माहीत नसावे, अशी अट घातली नाही. आमच्या दृष्टीने ही मोठी उणीव. त्या अटीवाचून नियंत्रित चाचणी म्हणजे पुन्हा हान्सची परीक्षा.

म्हणून हस्तकाच्या शिक्षणात श्वान हाताळण्याच्या कसबाइतकेच महत्त्व ‘न जाणण्याला’ हवे. काही सरावांत नमुना तिसऱ्याने लपवावा, काहींत मुळीच ठेवू नये, आणि ‘येथे काही नाही’ हे उत्तरही शाबासकीला पात्र मानावे. रिकाम्या खोलीतून इशारा न देता परत येणे ही त्या जोडीची सर्वांत अवघड परीक्षा आहे, आणि बातमीत तिला कधीच जागा मिळत नाही.

शिक्षकांना हे वर्गात श्वानाशिवायही दाखवता येईल. पाच उलट्या वाट्यांपैकी एकीखाली खडू ठेवा. जागा माहीत असलेल्या मुलाने न बोलता, ठरवून कोणतीही खूण न करता, शोधणाऱ्याबरोबर चालावे. असे वीस वेळा करा. मग जागा माहीत नसलेल्या मुलाला बरोबर पाठवून आणखी वीस वेळा करा. निव्वळ योगायोगाने वीसपैकी चारच्या आसपास बरोबर यायला हवेत. दोन्ही वेळचे आकडे फळ्यावर लिहा आणि फरक मुलांनाच सांगू द्या. फरक पडला नाही तर तेही लिहा.

त्यानंतर लंबकाच्या प्रयोगाकडे वळावे. ‘जी’ची किंमत ९.८ येते हे आधी पुस्तकात वाचून मग घड्याळ हातात घेणारा विद्यार्थी आणि लाल कागद पाहून खोलीत शिरणारा हस्तक यांची अवस्था सारखीच असते. प्रयोगवहीत सगळ्यांचे उत्तर ९.८ आले असेल, तर किती जणांनी आंदोलने पुन्हा मोजली आणि ती कोणत्या आकड्यानंतर मोजायची थांबवली, हे विचारून पाहावे.