जाणाऱ्याची शिदोरी

साहित्याची समीक्षा करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने संगणकाच्या भाषांविषयी लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. हा आरोप मी आधीच मान्य करून टाकतो. मात्र विष्णुपुरीत राहणाऱ्या माणसाला हा विषय टाळता येत नाही, हेही तितकेच खरे. येथे १९८१ साली सुरू झालेली श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था आहे, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, गोदावरीचे अडवलेले पाणी आहे, आणि आमच्यासारख्यांच्या घरी खोली घेऊन राहणारी मुले आहेत. संध्याकाळी ही मुले ओट्यावर बसून जे बोलतात ते कानावर पडतेच. “सर, ती भाषा आता संपली. मी ती सोडली, आता पायथन धरली आहे,” असे परवा एकजण म्हणाला. भाषा सोडली! चप्पल बदलावी तशी भाषा बदलणारा हा मुलगा मला प्रथम कृतघ्न वाटला. नंतर विचार केला तेव्हा माझेच मत मला तपासून पाहावेसे वाटले. हा लेख म्हणजे ती तपासणी होय.

संगणकाची भाषा म्हणजे काय, हे घरातल्या सर्वांसाठी थोडक्यात सांगतो. यंत्राला केवळ आकडे कळतात. माणसाने आपले काम नेमक्या, नियमबद्ध शब्दांत लिहावे आणि एका दुभाष्या आज्ञावलीने ते यंत्राच्या आकड्यांत उतरवावे, अशी ही व्यवस्था आहे. ज्या शब्दांत माणूस लिहितो ती भाषा. आणि लिहिणे, दुभाष्याला देणे, चुका शोधणे ही कामे ज्याच्या साहाय्याने होतात ते साधन. भाषा आणि साधन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढचा सारा वाद या भेदावरच उभा आहे.

एके काळी थोर असलेली साधने लयाला का जातात? या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. तरुण म्हणतात, नवे अधिक चांगले निघाले म्हणून. वडीलधारे म्हणतात, ही पिढीच चंचल आहे म्हणून. पहिले उत्तर जाहिरातीचे आहे, दुसरे रुसव्याचे. समीक्षेला दोन्ही पुरत नाहीत. त्यासाठी प्रत्यक्ष उदाहरणेच पाहिली पाहिजेत.

पहिले उदाहरण टर्बोचे. १९८३ साली बोरलँड या अमेरिकन कंपनीने ‘टर्बो पास्कल’ हे साधन ५० डॉलरांहून कमी किमतीत बाजारात आणले. त्याच्या मुळाशी अँडर्स हेल्सबर्ग या डेन्मार्कच्या तरुणाने रचलेला दुभाष्या होता. त्यापूर्वी लिहायचे एका ठिकाणी, भाषांतर दुसऱ्या ठिकाणी, आणि चूक निघाली की पुन्हा पहिल्या ठिकाणी, अशी येरझार असे. टर्बोने हे सारे एका पडद्यावर आणले. जिच्या हाताशी पाटा, चूल आणि मिसळणाचा डबा एकाच जागी आला, त्या गृहिणीला या सुखाची कल्पना येईल. पुढे १९८७ साली ‘टर्बो सी’ आणि १९९० साली ‘टर्बो सी प्लस प्लस’ आले. निळ्या पडद्यावरची ती पिवळी अक्षरे आपल्याकडील अभियंत्यांच्या किमान दोन पिढ्यांच्या डोळ्यांत अजून आहेत. आपण लिहिलेले क्षणात चालते, हा आनंद त्या पडद्याने त्यांना प्रथम दिला. त्या आनंदाला कमी लेखणारी समीक्षा मला करावयाची नाही.

मग हे वैभव ओसरले कसे? ज्या जुन्या डॉस प्रणालीवर ते उभे होते, तिची जागा विंडोजने घेतली. कंपनीने १९९१ साली ॲश्टन-टेट ही दुसरी मोठी कंपनी विकत घेतली. १९९८ साली स्वतःचे नाव बदलले आणि काही वर्षांनी जुने पुन्हा धारण केले. २००८ साली ही साधने दुसऱ्याला विकली आणि २००९ साली ती स्वतःच विकली गेली. स्वतः हेल्सबर्ग १९९६ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तेथे ते ‘सी शार्प’ या भाषेचे प्रमुख रचनाकार झाले आणि पुढे ‘टाइपस्क्रिप्ट’च्या निर्मितीतही अग्रभागी राहिले. ज्याने ते घर बांधले तोच दुसरीकडे राहावयास गेला. मग विद्यार्थ्यानेच तेथे दिवा लावीत बसावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला?

आणि दिवा लावीत बसणारेही होतेच. आपल्याकडील कित्येक महाविद्यालयांनी हे साधन कंपनी विकली गेल्यावरही वर्षानुवर्षे सोडले नाही. नवी यंत्रे ते चालवीनात, तेव्हा यंत्राला जुन्या यंत्राचे सोंग घ्यावयास लावणारी एक आज्ञावली आणून तिच्या पोटात टर्बो चालवले गेले. ‘सी प्लस प्लस’ भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले. हे साधन त्याच्या आधीचे, म्हणून मुले त्या भाषेची एक जुनी बोली शिकत राहिली. पडदा पुसण्याची आज्ञा ती मुले प्रत्येक आज्ञावलीत न चुकता लिहीत; पण ती आज्ञा टर्बोच्याच घरची, भाषेच्या प्रमाणात तिला स्थान नव्हते. याला काही जण निष्ठा म्हणतील. मला तो अभ्यासक्रमाचा आळस वाटतो, आणि त्याचा भुर्दंड विद्यार्थ्यांनी भरला.

तरीही त्या विद्यार्थ्यांचे फार नुकसान झाले नाही, याचे कारण पाहण्यासारखे आहे. ‘सी’ ही भाषा टर्बोच्या मालकीची नव्हती. तिचे प्रमाण अमेरिकेत १९८९ साली ठरले होते, आणि तिच्यात लिहिलेली आज्ञावली साध्या अक्षरांची असते, कोणत्याही यंत्रावर वाचता येते. पाच-दहा ओळी बदलल्या की ती दुसऱ्या साधनात चालू लागते. टर्बो गेले; परंतु जाणाऱ्याच्या हातात शिदोरी राहिली.

दुसरे उदाहरण फॉक्सप्रोचे. दुकानांचे हिशेब आणि लहान कार्यालयांच्या नोंदी एके काळी त्याच्यावर चालत. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ते मूळ कंपनीसकट विकत घेतले. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००४ साली निघाली, पुढील आवृत्ती निघणार नाही हे २००७ साली जाहीर झाले, आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही थांबला. येथे शिदोरी अर्धी मिळाली. त्यातील नोंदींची रचना साधी आणि सर्वांना ठाऊक असलेली होती, म्हणून ती खातेवही आजही दुसऱ्या साधनात उघडते. पण व्याज कसे आकारायचे, सूट कोणाला द्यायची, हे नियम फॉक्सप्रोच्या भाषेत लिहिलेले होते. ते मात्र प्रत्येकाला नव्याने लिहून घ्यावे लागले.

तिसरे उदाहरण माझ्या घरचे आहे, आणि या लेखाचे खरे कारणही तेच. माझ्या मावशीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या मी १९९८ साली एका टंकलेखकाकडून संगणकावर उतरवून घेतल्या. मावशी पुढे पाच वर्षांनी गेली. कागदावरची प्रत एका पावसाळ्यात भिजून गेली. काही वर्षांपूर्वी मी ती संचिका उघडवली, तो पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता कचरा! त्या काळच्या बहुतेक मराठी टंकांची रीत अशी होती की यंत्राने मनात रोमन अक्षराचाच क्रमांक ठेवायचा आणि पडद्यावर मात्र त्या जागी मराठी आकार दाखवायचा. कोणत्या क्रमांकावर कोणता आकार, हे ज्याचे त्याने ठरवले. तो टंक यंत्रावर असेतोवर ओवी दिसते. टंक गेला की ओवीही गेली.

यावर उपाय नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांसाठीचे सरकारी प्रमाण १९९१ साली प्रसिद्ध झाले होते, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा होती. परंतु ज्याचा क्रमांक त्याच्यापाशी, या रीतीने गिऱ्हाईक बांधून राहते. माझ्या भाच्याने महिनाभर खपून, ओळखीच्या शब्दांवरून एकेक खूण ताडीत, त्या ओव्या युनिकोडमध्ये आणल्या. जवळजवळ सर्व आल्या. एका ओवीत मात्र एक खूण अशी आहे, जी साऱ्या संग्रहात तेवढ्याच जागी आली आहे. तेथे दोन शब्द बसतात. एकाने ती ओवी माहेरची होते, दुसऱ्याने सासरची. विचारायला मावशी नाही.

भाषा बदलणे आमच्या भागाला नवे नाही. निजामाच्या राज्यात कचेरीचा व्यवहार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतच दिले जाई. पोटासाठी माणसे ती भाषा शिकली, त्यांतल्या कित्येकांना ती मनापासून आवडलीही. १९४८ साली हे राज्य भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला, आणि हळूहळू कचेरीची भाषा मराठी झाली. त्या कारकुनांना आपण चंचल म्हटले नाही. अर्ज कसा मांडावा, हिशेब कसा लावावा, हे शहाणपण त्यांनी एका भाषेतून दुसरीत सोबत नेले. मोडी लिपीचेही तसेच. तिने शतकानुशतके मराठीचा कारभार वाहिला. पुढे छपाईच्या सोयीने बाळबोध लिपीने तिला मागे सारले. तिला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली खरी, पण दप्तरांतले रुमाल वाचणारे थोडेच उरले आहेत. हात नव्या लिपीला वळला यात अपराध नव्हता. जुन्या रुमालांचे वाचक तयार करण्याचे आपण विसरलो, तो अपराध.

म्हणून मला सुचणारा निकष असा: साधनाची थोरवी तोलताना ते किती लोकांनी धरले हे पाहावेच, पण सोडणाऱ्याला त्याने काय नेऊ दिले, हेही पाहावे. नुसते दीर्घायुष्य पुरेसे नाही. कोबोल ही १९५९-६० सालची भाषा आजही काही बँकांत राबते आहे, आणि तिच्या दीर्घायुष्यात गुणांइतकाच सोडून जाण्याच्या खर्चाचाही वाटा आहे. उलट डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ साली ग्रंथजुळणीसाठी ‘टेक’ ही प्रणाली रचली, तिच्यात लेखकाचा मजकूर साध्या अक्षरांत राहतो. शिवाय आपल्या पश्चात तिच्यात कोणीही बदल करू नये, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. येणाऱ्याचा आणि जाणाऱ्याचा असा दुहेरी विचार करणारे निर्माते विरळा.

यावर आक्षेप येईल की गिऱ्हाइकाला मोकळे सोडून कंपनीने खावे काय? आक्षेप खोटा नाही. पण टर्बोने लोक बांधून ठेवले नव्हते. स्वस्ताई, वेग आणि सोय यांच्या बळावर ते आपल्या पायांनी आले होते. आणि ओट्यावरच्या त्या मुलाचे म्हणाल, तर ज्या पायथनला तो धरून बसला आहे, तिनेही २००८ साली नवे रूप घेतले आणि १ जानेवारी २०२० रोजी जुन्याचा आधार काढून घेतला. न हलणाऱ्यालाही तेथे बिऱ्हाड हलवावे लागले. मी त्याला कृतघ्न समजलो, ती माझी चूक. आता मी त्याला एवढेच विचारतो, “बाबा, जुन्या भाषेत लिहिलेले कोठे ठेवलेस?”

वाचकांनाही या सणात हेच सुचवितो. घरातील जुन्या तबकड्या आणि संचिका जाणत्या मुलाकडून उघडवून घ्या, युनिकोडमध्ये आणवा, एक प्रत कागदावर काढा, आणि ज्यांच्या तोंडचे ते शब्द आहेत ती माणसे असतानाच त्यांना वाचून दाखवा. मावशीच्या ओव्या मी आता पुन्हा छापून घेत आहे. त्या एका ओवीत दोनपैकी कोणताच शब्द मी घातलेला नाही. ती जागा रिकामी ठेवली आहे.