जीर्णोद्धार कुणाचा?

जुन्या आणि परदेशी चित्रपटांच्या दुरुस्त केलेल्या प्रती डिस्कवर विकत घेऊन जपणारा एक वर्ग आपल्याकडेही आहे. फिल्म सोसायटीवाले, प्राध्यापक, काही विद्यार्थी. कुरोसावा, बर्गमन, राय त्यांच्या कपाटात दिग्दर्शकवार लावलेले असतात. या छंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्यात श्रेष्ठ काय आणि टिकवण्याजोगे काय याचा निवाडा होत असतो. आणि निवाडा आला की न्यायासनावर कोण बसले आहे हे विचारावेच लागते.

या दुरुस्तीला मराठीत सहज ‘जीर्णोद्धार’ म्हणता येईल. शब्द देवळाचा आहे, आणि तो येथे चपखल बसतो. जीर्णोद्धार व्हायचा तर आधी देऊळ लागते, विश्वस्त लागतात, आणि गाभाऱ्यात कोणी जायचे हेही ठरलेले असते.

अमेरिकेतील क्रायटेरियन ही १९८४ पासून या व्यवसायातील मोठी मान्यता असलेली कंपनी. तिच्या यादीत आलेला चित्रपट ‘अभिजात’ ठरला, अशी संग्राहकांची श्रद्धा. २०२० साली न्यूयॉर्क टाइम्सने ही यादी तपासली, तेव्हा हजाराहून अधिक चित्रपटांत आफ्रिकन-अमेरिकन दिग्दर्शक निघाले अवघे चार! कंपनीच्या प्रमुखांनी आपल्या नजरेतील उणीव कबूलही केली. पण एका कंपनीच्या कबुलीने हा प्रश्न मिटत नाही.

कु क्लक्स क्लॅनला नायकपद देणारा ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) चित्रभाषेच्या थोरवीखातर शंभर वर्षे जपला गेला. त्याला उत्तर म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते तो ऑस्कर मिशोचा ‘विदिन अवर गेट्स’ (१९२०) मात्र कित्येक दशके बेपत्ता होता. मिशोचा बाप गुलामगिरीत जन्मलेला. स्वतः मिशोने शेती केली, कादंबऱ्या लिहिल्या, त्या दारोदार विकल्या आणि मग चित्रपट काढले. या चित्रपटाची एकमेव प्रत सापडली ती स्पेनमध्ये, ‘ला नेग्रा’ या नावाने. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ साली ती दुरुस्त केली. मधला काही भाग गेलेला, मजकुराच्या पाट्या स्पॅनिश. त्या पुन्हा इंग्रजीत आणाव्या लागल्या. म्हणजे मिशोचे शब्द आज आपण उलट भाषांतरातून वाचतो. संग्राहक विचारतो, चित्र किती स्वच्छ आहे, मूळ निगेटिव्ह आहे काय? ज्याची निगेटिव्ह कुणी जपलीच नाही त्याच्याकडे मूळ प्रत मागणे हे भूमिहीनाकडे सातबारा मागण्यासारखे आहे.

आणि त्या ओरखड्यांआड काय आहे? शिकलेली सिल्व्हिया आपल्या पालक बापाचा, कुळाने जमीन कसणाऱ्या जास्पर लँड्रीचा, हिशेब मांडते. तो हिशेब घेऊन जास्पर गोऱ्या मालकाकडे जातो. तेथे एक गरीब गोराच मालकाला खिडकीतून गोळी घालतो, आणि आळ जास्परवर येतो. जमाव जास्परला आणि त्याच्या बायकोला फासावर लटकवतो. मालकाची चुगलखोर चाकरी करणारा काळा नोकर एफ्रेम, ज्याने जास्परचे नाव घेतले, त्यालाही जमाव सोडत नाही. मुलीच्या अक्षरओळखीने हिशेब स्पष्ट झाला की मालकाचे डोके का फिरते, हे आपल्या वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. मिशोत भडकपणा आहे, योगायोगांचा सुळसुळाट आहे. शेवटी डॉक्टर नायक सिल्व्हियाला देशाभिमानाचे व्याख्यान देतो, ते तर मुळीच पटत नाही. तरीही एफ्रेमचे पात्र उभे करण्याचे धैर्य ग्रिफिथच्या सगळ्या कौशल्यात नाही.

२०१६ साली किनो लॉर्बर या कंपनीने आफ्रिकन-अमेरिकन चित्रपटाच्या आद्य प्रवर्तकांचा पाच डिस्कचा संच काढला. त्यासाठी लोकवर्गणी जमवली होती. चळवळीतील माणसाला ही रीत परकी नाही. या संचात मिशोबरोबर रेव्हरंड सॉलोमन सर जोन्स या धर्मोपदेशकाने १९२४ ते १९२८ या काळात ओक्लाहोमातील काळ्या वस्त्यांत टिपलेली घरगुती दृश्येही आहेत. त्यात ना कथा ना नट. संपादकांनी ती मिशोच्या पंक्तीला बसवली, हा मला या संचाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

आपल्याकडे मल्याळम मूकपट ‘विगतकुमारन’ची एकही प्रत उरलेली नाही. त्यात पी. के. रोझी या दलित स्त्रीने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून सवर्णांनी तिला गावाबाहेर हाकलले. जीर्णोद्धार करायला तेथे काहीच नाही.

जे आहे ते कपाटांवर, ट्रंकांत पडले आहे. गावोगावच्या जयंत्या, मोर्चे, भीमगीतांचे कार्यक्रम, लग्नाचे शूटिंग करणाऱ्याकडून काढून घेतलेल्या नव्वदच्या दशकातील व्हिडिओ कॅसेटी. त्यांना बुरशी लागते आहे. व्हीसीआरचे उत्पादन २०१६ सालीच थांबले. चालू स्थितीतले यंत्र आणि ते दुरुस्त करणारा माणूस अजून कोठे कोठे मिळतो. कॅसेटीवर गाव, साल आणि गाणाऱ्याचे नाव लिहून घेण्याचे काम तर उद्यापासून कोणताही विद्यार्थी करू शकेल, कारण ती नावे सांगणारी माणसे आज हयात आहेत.