जागतिकीकरण आणि स्थानिकतेचा प्रश्न : ‘बारोमास’च्या संदर्भात

१९९१ मध्ये भारताने आर्थिक उदारीकरणाचे धोरण स्वीकारले आणि १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. त्यानंतरच्या मराठी समीक्षेत ‘जागतिकीकरणाने गाव संपविले’ असे विधान वारंवार केले जाते. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) ही कादंबरीही पुष्कळदा याच विधानाचा पुरावा म्हणून वाचली जाते. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीचा आशय मात्र याहून गुंतागुंतीचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कादंबरीचा नायक एकनाथ उच्चशिक्षित आहे. परंतु नोकरी न मिळाल्याने तो वडिलांच्या शेतीत अडकून पडतो. बियाणे, खते, औषधे बाजारातून गावात येतात आणि गावचा माल बाजारात जातो. मात्र दोन्ही वेळी भाव ठरविण्याचा अधिकार शेतकऱ्याकडे नसतो. म्हणजे येथे गाव नष्ट झालेले नाही. ते विषम अटींवर बाजाराशी जोडले गेले आहे. पदवीला किंमत नाही आणि शेतीला भाव नाही, अशा स्थितीत भूमीशी असलेले नाते हे जिव्हाळ्याइतकेच नाइलाजाचेही ठरते. स्थानिकता टिकली, असे म्हणताना ती कोणत्या किमतीवर टिकली, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने साहित्याचे भूमीशी असलेले नाते अधोरेखित केले. बुलढाणा परिसरातील बोली आणि शेतीकामाची शब्दकळा यांमुळे ‘बारोमास’ त्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. परंतु भूमीशी असलेले नाते सर्वांचे सारखेच असते काय? एकनाथची पत्नी अलका हिला शहरी जीवनाची ओढ आहे. तिला केवळ शहरी मोहाचे प्रतीक मानणे सोपे आहे. वस्तुतः तिचे या गावाशी असलेले नाते विवाहाने आलेले आहे, वारशाने नव्हे. ज्या मातीवर तिचा हक्क नाही, त्या मातीविषयी तिने निष्ठा बाळगावी, ही अपेक्षा कादंबरीतील कुटुंबाइतकीच समीक्षेचीही असते.

सारांश, स्थानिकतेला जागतिकीकरणाविरुद्धचा निर्दोष आश्रय मानून ग्रामीण कादंबरी शिकविणे अपुरे आहे. गाव कोणाचे, हा प्रश्न गावातल्या गावातही विचारावा लागतो. ‘बारोमास’ तो विचारण्यास भाग पाडते, हेच तिचे महत्त्व होय.