उमेदवारी अर्जाच्या आधी काय घडतं? लक्षद्वीप आणि एका गाजलेल्या पुस्तकाची मर्यादा

समजा तुम्हाला लक्षद्वीपमधून लोकसभेला उभं राहायचंय. काय लागेल? निवडणूक आयोगाची उमेदवारांसाठीची पुस्तिका उघडा, उत्तर सरळ आहे. वय २५ पूर्ण, नमुना २-अ मधला अर्ज, नमुना २६ मधलं शपथपत्र. मान्यताप्राप्त पक्षाचं तिकीट असेल तर एक सूचक, नाहीतर दहा. अनामत रक्कम एरवी २५ हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. ही जागा जमातीसाठी राखीव असल्याने इथे प्रत्येकाला १२,५००च. मग छाननी, माघार, चिन्ह. झालं.

आता यातला 'राखीव' हा शब्द जरा धरून ठेवा. या पोस्टमधला सगळा वाद तिथेच आहे.

ज्या पुस्तकाबद्दल लिहायचंय ते म्हणजे जॅक कॉर्बेट आणि वाऊटर वीनेन्डाल यांचं 'डेमोक्रसी इन स्मॉल स्टेट्स' (ऑक्सफर्ड, २०१८). तुलनात्मक राजकारणात प्रपोजल लिहिणाऱ्याच्या हातात हे पुस्तक आज ना उद्या पडतंच, आणि पडायलाच हवं. लोकशाही कुठे टिकते याबद्दलचे आपले बहुतेक सिद्धान्त मोठ्या देशांवरून बनलेत, हे त्यांचं मूळ म्हणणं. दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येचे ३९ देश त्यांनी घेतले. आर्थिक विकास, सामाजिक विविधता, वसाहतवादाचा वारसा, संस्थांची रचना, पक्षपद्धती अशी एकेक प्रचलित स्पष्टीकरणं या देशांना लावून बघितली, आणि एकही नीट बसत नाही असं दाखवलं. गरीब आहेत, पक्ष नाहीत किंवा नावापुरते आहेत, तरी लोकशाही चालू आहे. मग ती टिकते कशावर? त्यांचं उत्तर : व्यक्तिकेंद्री राजकारण. नेता आणि मतदार एकमेकांना थेट ओळखतात, खासगी आयुष्य जवळजवळ उरत नाही, धोरणांवर चर्चा कमी, गटबाजी तीव्र, उपकारांची देवघेव सर्वत्र, आणि सत्तेतला माणूस सार्वजनिक जीवनाचा प्रत्येक कोपरा व्यापू शकतो. लोकशाही यामुळे टिकतेही आणि यामुळेच कुजतेही. ही दुहेरी बाजू त्यांनी लपवलेली नाही. रॉबर्ट डाल आणि एडवर्ड टफ्टे यांच्या १९७३ च्या 'साइझ अँड डेमोक्रसी'नंतर लहान आकाराकडे इतक्या गांभीर्याने बघणारी पुस्तकं फार नाहीत, आणि जी आहेत ती इतकी वाचनीय नाहीत.

हे सगळं मान्य. पण पुस्तकाचं म्हणणं आपल्या ओळखीच्या बेटांवर नेऊन बघू.

२०११ च्या जनगणनेत लक्षद्वीपची लोकसंख्या ६४,४७३. जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर, माणसं राहतात ती बेटं दहा. आकाराने हे पुस्तकातल्या कित्येक देशांच्या पंक्तीत बसतं. पहिल्या नजरेत सिद्धान्तही फिट बसतो. १९६७ पर्यंत इथला खासदार राष्ट्रपती नेमत. त्या वर्षी पहिल्यांदा थेट निवडणूक झाली आणि पी. एम. सईद नावाचा पंचविशीतला तरुण अपक्ष म्हणून निवडून आला. पुढे काँग्रेसकडून, सलग, १९९९ पर्यंत दहा वेळा. २००४ मध्ये ते हरले ते ७१ मतांनी. ७१! आपल्याकडे एखाद्या सोसायटीच्या निवडणुकीत याहून जास्त फरक असतो. २००९ मध्ये त्यांचे चिरंजीव हमदुल्ला सईद जिंकले आणि त्या लोकसभेतले सर्वांत तरुण खासदार ठरले. २०१४ आणि २०१९ ला राष्ट्रवादीचे मोहम्मद फैजल, २०२४ ला पुन्हा हमदुल्ला.

इथे मराठी वाचकाने थांबायला हवं, कारण आपण हे आकडे वेगळ्याच कारणासाठी वाचत आलोय. 'राष्ट्रवादीचे खासदार : महाराष्ट्रात इतके, लक्षद्वीप १' ही ओळ वर्तमानपत्रांच्या तक्त्यांत वर्षानुवर्षं छापून आली. वाचणाऱ्याला वाटतं, पक्ष समुद्रापार पोचला. पण मागे जाऊन बघा. २००४ मध्ये सईद यांना हरवणारे पी. पूकुन्ही कोया जनता दल (युनायटेड)चे उमेदवार होते. पुढच्या निवडणुकीत तेच राष्ट्रवादीकडून उभे. म्हणजे बेटांवर सईद आणि सईदविरोधी असे दोन तट आधीपासून होते, दुसऱ्या तटाने पाटी बदलली. २०२४ मध्ये तर प्रयोगशाळेत व्हावा तसा प्रयोग झाला. राष्ट्रवादी फुटल्यावर फैजल शरद पवारांकडे राहिले. अजित पवारांच्या पक्षाने वेगळा उमेदवार दिला, भाजपने स्वतःचा न देता त्याला पाठिंबा दिला. त्या उमेदवाराला मतं मिळाली २०१. हमदुल्ला २५,७२६, फैजल २३,०७९. पक्षाचं अधिकृत नाव एकीकडे, माणूस दुसरीकडे, आणि मतं माणसामागे गेली.

कॉर्बेट-वीनेन्डाल इथे खूश होतील. मीही इथपर्यंत त्यांच्यासोबत आहे. तुमच्या डेटासेटमध्ये 'पक्ष' असा कॉलम असेल तर त्यात लिहिलेला शब्द ठाणे, बारामती आणि कवरत्तीत एकच गोष्ट सांगतो असं गृहीत धरू नका. एवढ्यासाठी तरी हे पुस्तक वाचा.

अडचण पुढे आहे. पुस्तकात फक्त सार्वभौम देश आहेत. लेखकांच्या बाजूने विचार केला तर हे समजण्यासारखं आहे, कारण त्यांना राजवटींची तुलना करायची होती आणि त्यासाठी राजवट स्वतःची हवी. पण मग जे गुणधर्म सापडले ते 'लहान आकारामुळे' आहेत असं म्हणता येतं का? आकार हेच कारण असेल, तर आकार लहान पण सार्वभौमत्व नाही अशा जागा सर्वांत चांगली कसोटी ठरतात. नेमक्या त्याच दाराबाहेर ठेवल्या गेल्या. लक्षद्वीपला विधानसभा नाही. खासदार एक, आणि कारभार केंद्राने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती. सार्वजनिक जीवनाचा प्रत्येक कोपरा व्यापण्याची ताकद इथे असेल तर ती त्या पदाकडे आहे, आणि त्या पदासाठी कुणाला मतं मागावी लागत नाहीत. (डिसेंबर २०२० पासूनचे प्रशासक प्रफुल्ल खोडा पटेल. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल वेगळे. नाव वाचून आपल्याकडे दोघांची गल्लत होते म्हणून सांगितलं.) ओळखीपाळखीचं राजकारण आणि सत्ता या दोन गोष्टी पुस्तकात एकाच माणसाच्या ठिकाणी येतात. इथे त्या वेगळ्या झाल्यात, आणि वेगळ्या झाल्यावर लोकशाहीचं काय होतं हे सांगायला पुस्तकाकडे शब्द नाहीत.

आणि आता तो 'राखीव' शब्द.

आपल्याला साधारण माहीत असतं की देशातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार कुठल्याही सर्वसाधारण जागेवर लोकसभेला उभा राहू शकतो. राखीव जागांचंही बहुतेक तसंच. नंदुरबारचा आदिवासी उमेदवार कायद्याने झारखंडच्या राखीव जागेवर अर्ज भरू शकतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम ४ मात्र लक्षद्वीपसाठी वेगळं पोटकलम ठेवतं : उमेदवार तिथल्याच अनुसूचित जमातीचा हवा आणि त्याच मतदारसंघाचा मतदार हवा. बाहेरच्याला दार बंद. मतदारसंघ इतका लहान की पैसेवाला बाहेरचा माणूस सहज उतरू शकला असता, म्हणून हे संरक्षण मला रास्त वाटतं.

पण 'तिथली जमात' म्हणजे कोण? केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या १९५१ च्या अनुसूचित जमाती आदेशात इतर ठिकाणी असतात तशी जमातींच्या नावांची यादी लक्षद्वीपसाठी नाही. तिथे व्याख्या जन्मस्थानावर आहे : जे या बेटांवर जन्मले आणि ज्यांचे आई-वडील दोघेही या बेटांवर जन्मले, ते रहिवासी. आता डोळ्यासमोर आणा. बाळंतपणात काही गुंतागुंत दिसली की बाईला जहाजाने किंवा हेलिकॉप्टरने कोचीला न्यायचं. मूल कोचीच्या दवाखान्यात जन्मतं. व्याख्येचं अक्षर पाळलं तर ते मूल जमातीबाहेर, आणि त्याची पुढची पिढीही, कारण 'आई-वडील दोघेही'. दवाखाना जितका चांगला आणि जितका लांब, तितके उमेदवार कमी! हे दुरुस्त व्हायला २००८ साल उजाडलं. तेव्हा संसदेने आदेशात भर घातली की मुख्य भूमीवर जन्मलेलं मूल बेटांवर कायमचं स्थायिक झालं तर ते बेटांवर जन्मलेलंच समजावं. 'कायमचं स्थायिक' हे कोण ठरवणार, कुठल्या कागदावर? ज्यांच्या घरात कुणी जात पडताळणीच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यात त्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको.

हे सगळं उमेदवारी अर्जाच्या आधी घडतं. आणि पुस्तकाची पद्धत त्या अर्जापासून सुरू होते. लेखकांचा मुख्य आधार राजकारण्यांच्या मुलाखती आणि राजकारण्यांची आत्मचरित्रं-चरित्रं. म्हणजे जे उभे राहिले, बहुतेकदा जे जिंकले, त्यांचं बोलणं. जिंकलेल्या माणसाला विचारा की लहान बेटावर निवडणूक कशी लढवायची, तो सांगेल : लग्नाला जा, मयताला जा, सगळ्यांची नावं लक्षात ठेव. यात खोटं काही नाही. पण जो अर्जापर्यंत पोचलाच नाही त्याला कुणी विचारलं नाही, आणि तो कुणाच्या आत्मचरित्रात येत नाही. मग लेखकांना सगळीकडे ओळखीचं राजकारणच दिसतं, यात नवल काय? ओळखीच्या जोरावर जिंकलेलेच त्यांच्यासमोर बसले होते. या आक्षेपाने त्यांचा सिद्धान्त कोसळत नाही. पण 'लहान जागी राजकारण खुलं असतं, कुणीही उभं राहू शकतं' असा जो सूर पुस्तक वाचून मनात उरतो, त्याला आधार कमी आहे.

कायद्याची चाळणी आणि ओळखीचं राजकारण एकमेकांत गुंततात ते बघायचं असेल तर २०२३ बघा. २००९ च्या निवडणुकीच्या वेळच्या हल्ल्याच्या खटल्यात फैजल यांना जानेवारीत कवरत्तीच्या कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. दोन दिवसांत खासदारकी गेली, आठवडाभरात आयोगाने २७ फेब्रुवारीची पोटनिवडणूक जाहीर केली. मग केरळ हायकोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि पोटनिवडणूक थांबली. निवडून येणाऱ्याला पंधरा महिनेही मिळणार नाहीत आणि खर्च मात्र प्रचंड, हा मुद्दा कोर्टाने विचारात घेतला. पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन त्यांची खासदारकी पुन्हा एकदा गेली आणि परत मिळाली. मोठ्या राज्यात एक खासदार कमी-जास्त झाला तर प्रतिनिधित्व उरतं. इथे एकच आहे. हे 'व्यक्तिकेंद्री राजकारण' म्हणून मोजायचं की कायद्याचं राजकारण म्हणून? पुस्तकाच्या चौकटीत फक्त पहिला पर्याय आहे.

कामाचं बोलू. या विषयावर कुणाला प्रपोजल लिहायचं असेल तर मुलाखतींच्या यादीपासून सुरुवात करू नका. एक तर बाहेरच्या माणसाला लक्षद्वीपमध्ये जायला प्रवेश परवाना लागतो, भारतीय नागरिकालाही, त्यामुळे फील्डवर्कचं वेळापत्रक तुमच्या हातात नसतं. त्याआधी घरबसल्या होण्यासारखं बरंच आहे. १९५१ चा आदेश आणि २००८ ची दुरुस्ती समोरासमोर ठेवून वाचा. उमेदवारांची शपथपत्रं आयोगाच्या साइटवर खुली असतात. फेटाळलेले आणि मागे घेतलेले अर्ज बघा. त्या रकान्यांत कुणी बघत नाही. गाईड म्हणतील सॅम्पल फार लहान आहे. त्यांना सांगा, उमेदवार किती हे मोजायचंच नाहीये, उमेदवार कुठे गळतात ते शोधायचंय.

आणि खासदारकीवर थांबू नका, पंचायतीकडे या. २०२१ मध्ये प्रशासनाने पंचायतींसाठी नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला सदस्य होता येणार नाही अशी तरतूद होती. बेटांवर आणि केरळात मोठा विरोध झाला. त्यातला एक युक्तिवाद आकड्यांचा होता : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत लक्षद्वीपचा एकूण प्रजनन दर १.४ आहे, म्हणजे जी समस्या नाही तिच्यावर उपाय. आपल्याला यात बाहेरून बघण्याची सोय नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींना दोन मुलांची अट सप्टेंबर २००१ पासून लागू आहे, आणि कित्येक गावांत तिसऱ्या मुलामुळे सदस्यपद गेल्याच्या केसेस कोर्टात गेल्यात. लक्षद्वीपचा मसुदा आणि आपला कायदा शेजारी ठेवून, दोन्हीकडे अर्ज न भरलेल्या बायका शोधणारा एक चॅप्टर कुणीतरी लिहायला हवा. कॉर्बेट-वीनेन्डाल यांच्या पुस्तकात तो नाही, आणि त्यांच्या पद्धतीने तो लिहिताही येणार नाही.