आयुष्याचे माप आणि कम्माचा हिशेब : चूळकम्मविभंगसुत्ताविषयी एक विचार

वर्षावासातील ग्रंथवाचनानंतर श्रोते जे प्रश्न विचारतात, ते पुष्कळदा अट्ठकथांपेक्षा अधिक मर्मग्राही असतात. ईट (ता. भूम, जि. धाराशिव) येथे मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंगसुत्ताचे वाचन झाले, तेव्हा शेळ्या राखण्यात हयात गेलेल्या एका वृद्ध उपासकांनी विचारले, "प्राणी मारणारा अल्पायुषी होतो, असे हे सुत्त म्हणते. मग शेळीने कोणाला मारले? तिला बारा-पंधरा वर्षे, आणि कोंबडीची पिल्ले उचलणारी घार वीस वर्षे जगते, हे कसे?" त्या दिवशी त्यांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही. प्रस्तुत लेख हे त्याचे उशिरा लिहिलेले उत्तर आहे.

सुत्ताचा प्रसंग थोडक्यात असा : तोदेय्यपुत्त सुभ हा ब्राह्मण तरुण तथागतांना विचारतो की, माणसामाणसांत अल्पायुषी-दीर्घायुषी, रोगी-निरोगी, दरिद्री-श्रीमंत, नीचकुलीन-उच्चकुलीन असे भेद का दिसतात? उत्तर मिळते, ज्याचे त्याचे कम्म. हत्या करणारा पुढे मनुष्यजन्मास आला तर अल्पायुषी होतो, दयाळू दीर्घायुषी होतो. परंपरेने हे सुत्त अहिंसेचा उपदेश म्हणून वाचले आहे, आणि तेवढ्यापुरते ते सुंदरही आहे. परंतु सुभाच्या यादीत अल्पायुष्याच्या जवळच दारिद्र्य आणि नीच कुळातील जन्म बसलेले आहेत, याकडे आपले लक्ष गेले पाहिजे. आयुष्याविषयीचे उत्तर जसेच्या तसे स्वीकारले, तर जन्माविषयीचे उत्तर कोणत्या तोंडाने नाकारणार?

सुभाचा प्रश्न माणसांपुरता होता. उपासकांनी तो पशुपक्ष्यांपर्यंत नेला, आणि तेथेच या उत्तराची कसोटी लागते. उंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो. सायबेरियात मात्र पायात कडे अडकवून सोडलेले, जेमतेम सात ग्रॅम वजनाचे एक वटवाघूळ 41 वर्षांनी जिवंत सापडले. उत्तर ध्रुवाकडील बोहेड देवमासा दोनशे वर्षांपलीकडे जातो. सामान्यतः मोठे प्राणी अधिक जगतात. पण वटवाघळाने हा नियम मोडला आहे. पीटर मेडावर यांनी 1952 साली याची एक दिशा दाखविली. निसर्गात बहुतेक जीव वार्धक्य येण्यापूर्वीच शिकारी, भूक वा थंडी यांना बळी पडतात. म्हणून उतारवयात प्रकट होणारे दोष नैसर्गिक निवडीच्या चाळणीत अडकत नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्या साचत राहतात. टॉमस कर्कवूड यांनी 1977 साली त्यात भर घातली. अन्नातून मिळणारी शक्ती मर्यादित असते. ती संततीवर खर्चावी की देहाच्या डागडुजीवर? जेथे बाहेरचा धोका मोठा, तेथे लवकर व पुष्कळ पिल्ले देणारा जीवच वंश टिकवतो, आणि डागडुजीत काटकसर होते. स्टीव्हन ऑस्टॅड यांनी 1993 साली अमेरिकेतील ओपोसम या पिशवीधारी प्राण्याविषयी हेच दाखविले : शिकारी प्राणी नसलेल्या सापेलो बेटावरचे ओपोसम मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपेक्षा सावकाश म्हातारे होतात आणि एका वेळी कमी पिल्ले देतात.

तेव्हा उपासकांना उत्तर असे : घारीला पंख आहेत, शेळीच्या रानटी पूर्वजांच्या मागे लांडगा होता. आपली उस्मानाबादी शेळी लवकर विते, अनेकदा जुळी देते, आणि तिचे पूर्ण आयुष्य गावाला सहसा दिसतच नाही, कारण खाटीक आधी येतो. यात कोणाचे पुण्य नाही, कोणाचे पाप नाही.

याच ठिकाणी महापरिनिब्बानसुत्तातील एक उपमा आठवते. ऐंशी वर्षांचे तथागत आपल्या देहाला बांधून-आवळून कशीबशी चालणाऱ्या जुन्या गाडीची उपमा देतात. भाष्यकारांची दृष्टी झिजेवर खिळते. मला त्या बांधण्या अधिक महत्त्वाच्या वाटतात. ज्याने बैलगाडी वापरली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. धाव सैल झाली की लोहाराकडे न्यावी लागते, आसाला वंगण घालावे लागते. गाडी किती वर्षे चालेल हे लाकडाइतकेच देखभालीवर ठरते. उपमेत उणीव एकच. गाडी स्वतःला दुरुस्त करीत नाही, देह करतो. आणि ती दुरुस्ती कोठे थांबते, हाच तर जीवशास्त्राचा प्रश्न आहे.

हे झाले प्रजातींचे. माणसामाणसांतील आयुष्याच्या भेदाला मात्र लांडग्याचे उत्तर लावता येणार नाही, कारण आपण सारे एकाच प्रजातीचे. त्यासाठी दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्ताकडे वळावे. त्यात आयुष्य ऐंशी हजार वर्षांवरून दहा वर्षांवर घसरते. आकडे पुराणातले आहेत, ते सोडून द्यावेत. कारणांची साखळी मात्र पाहावी : राजा निर्धनांना धन देत नाही, त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, आणि मग आयुष्य घटते. येथे साखळीची पहिली कडी राज्यकर्त्याची आहे. भारतात 1941-51 या दशकात जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सुमारे 32 वर्षे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. त्या काळी माणसे बत्तिशीत म्हातारी होत होती असे नव्हे. लेकरे पाळण्यात जात होती, बायका बाळंतपणात. दोन-तीन पिढ्यांत कोणाचे पूर्वजन्म बदलले नाहीत, देहाची घडणही बदलली नाही. लस, पाणी, अन्न आणि दवाखाना बदलला, तोही सर्वांच्या दारी सारखा पोचलेला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कम्माची उपपत्ती नाकारताना नेमके याच जागी बोट ठेवले होते : गरिबांच्या व दलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, एवढाच तिचा उपयोग असू शकतो. या निकषावर चूळकम्मविभंगाचे सुभाला दिलेले उत्तर टिकत नाही, असे माझे मत आहे. ते भिक्षूंनी नंतर घातले की नाही, हा वाद पाली पंडितांनी खुशाल चालवावा.

पुढील वर्षावासात ही दोन्ही सुत्ते एकाच बैठकीत, आधी सुभाचे आणि लगेच चक्कवत्तीचे, वाचावीत, अशी सूचना ईट येथील वाचकांना केली आहे. शेळ्यांचा प्रश्न विचारणाऱ्या उपासकांनी पुढच्या रांगेत बसावे, अशीही विनंती आहे.