हिरा, ग्राफाईट आणि ‘दुर्बल बला’चे स्पष्टीकरण : एक चिकित्सा

रासायनिक बंध आणि पदार्थाचे गुणधर्म यांचा संबंध शिकविताना हिरा व ग्राफाईट या कार्बनच्या दोन अपरूपांचे उदाहरण हमखास दिले जाते. शालेय क्रमिक पुस्तकापासून पदवीच्या प्रथम वर्षापर्यंत त्याची मांडणी फारशी बदलत नाही. हिऱ्यात प्रत्येक अणू चार अणूंशी चतुष्फलकीय रचनेत बांधलेला असतो, म्हणून हिरा कठीण. ग्राफाईटच्या स्तरांमधील बल दुर्बल असते, म्हणून ग्राफाईट मऊ व वंगण म्हणून उपयुक्त. आणि प्रत्येक अणूचा एक इलेक्ट्रॉन मुक्त असतो, म्हणून ग्राफाईट विद्युतवाहक. तीन वाक्यांचे हे उत्तर परीक्षेत पूर्ण गुण मिळवून देते. त्यातील पहिले वाक्य बरेचसे टिकणारे आहे. उरलेल्या दोन वाक्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हिऱ्याची संरचना ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. ग्राफाईटची संरचना जे. डी. बर्नाल यांनी १९२४ साली निश्चित केली. हिऱ्यात लगतच्या दोन अणूंमधील अंतर १५४ पिकोमीटर आहे, तर ग्राफाईटच्या स्तरात ते १४२ पिकोमीटर आहे. अर्थात मऊ पदार्थातील बंध कठीण पदार्थातील बंधाहून आखूड आणि अधिक बळकट आहे. स्तरास्तरांमधील अंतर मात्र ३३५ पिकोमीटर भरते. ‘मऊ म्हणजे बंध कमकुवत’ अशी जी समजूत विद्यार्थी वर्गातून घेऊन बाहेर पडतो, ती या तीन आकड्यांपुढे टिकत नाही; परंतु हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून क्वचितच शिकविले जातात. (ज्या भाषेत ग्राफाईटच्या कांडीला आजही ‘शिसपेन्सिल’ म्हणतात, तेथे शिक्षकाचे काम अधिकच अवघड व्हावे, हे स्वाभाविक आहे.)

वंगणाचा मुद्दा याहून गंभीर आहे. स्तरांमधील बल दुर्बल असल्यामुळेच जर स्तर घसरत असतील, तर ग्राफाईटने निर्वातातही वंगणाचे काम केले पाहिजे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अतिउंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतील कार्बन ब्रश झपाट्याने झिजून भुकटी होऊ लागले. आर. एच. सॅव्हेज यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून स्पष्ट झाले, की ग्राफाईटच्या निसरडेपणास पाण्याच्या वाफेसारख्या वायूंची उपस्थिती आवश्यक असते. उंचावरील विरळ व कोरड्या हवेत तीच नव्हती. स्तरांच्या कडांवरील अतृप्त अणूंशी हे रेणू जोडले जातात आणि स्फटिककण परस्परांना चिकटत नाहीत, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. याउलट मॉलिब्डेनम डायसल्फाईड हा पदार्थही स्तरित आहे, त्याच्याही स्तरांमधील बल दुर्बल आहे. पण तो निर्वातात उत्तम वंगण ठरतो, दमट हवेत त्याचे घर्षण वाढते, आणि म्हणूनच अंतराळयानांच्या यंत्रणांत त्याचा वापर होतो. दोन पदार्थांची रचना वरकरणी सारखी, वर्तन नेमके उलट. सॅव्हेज यांच्या संशोधनाला पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावरही ‘स्तर घसरतात’ एवढेच वाक्य लिहिले जात असेल, तर ती केवळ सुलभीकरणाची गरज म्हणता येणार नाही.

विद्युतवहनाच्या बाबतीत ‘मुक्त इलेक्ट्रॉन’ हा शब्दप्रयोग तितका सदोष नाही, परंतु अपुरा निश्चितच आहे. हे इलेक्ट्रॉन स्तराच्या प्रतलात सहज वाहतात, स्तरांना छेदून जाताना त्यांना पुष्कळ अधिक रोध होतो. एकाच स्फटिकाची वाहकता दिशेनुसार बदलते. बोरॉन नायट्राईडच्या षट्कोनी रूपाची तुलना येथे विशेष उद्बोधक ठरते. त्यातही षट्कोनी जाळ्यांचे स्तर आहेत, स्तरांतील अंतर सुमारे ३३३ पिकोमीटर, आणि बोरॉन-नायट्रोजनच्या जोडीतील इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या कार्बनच्या दोन अणूंइतकीच. तरीही तो पदार्थ पांढरा व विद्युतरोधक आहे, कारण नायट्रोजनची विद्युतऋणता अधिक असल्याने इलेक्ट्रॉन त्याच्याकडे ओढलेले राहतात. संरचना तीच ठेवून बंधाची ध्रुवीयता बदलली, की काय घडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण उपलब्ध असताना क्रमिक पुस्तके हिऱ्याच्या जोडीला ते घेत नाहीत.